दूध संकलनाच्या रिअ‍ॅक्ट प्रोजेक्टमधे ईएसलिंट बसवलं, त्याचं सगळं प्रकरण

ईएसलिंट म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड न चालवता वाचून त्यातल्या चुका दाखवणारं टूल, अशा तपासणीलाच लिंट म्हणतात. आधी प्रोजेक्ट काय आहे ते सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. गावातल्या प्राथमिक दूध संस्थांसाठीचं वेब ॲप आहे, रिअ‍ॅक्टमधे लिहिलेलं, साधं जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट नाही. संस्थेत सकाळी आणि संध्याकाळी दूध येतं, प्रत्येक उत्पादकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नोंदवतात, दरपत्रकावरून दर निघतो आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. वापरणारे म्हणजे संस्थेचे सचिव आणि संकलनाला बसणारी मुलं, बहुतेक कोल्हापूर-सांगली भागातली. टीम पुण्यात, लहान, अर्धे जण विंडोजवर, बाकीचे मॅक आणि उबुंटूवर. हे मुद्दाम सांगतोय कारण त्याचा संबंध पुढे येणार आहे.

प्रोजेक्ट २०२० मधे क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲपवर सुरू झाला. पुढे बिल्डला फार वेळ लागायला लागला म्हणून तो व्हीट ह्या दुसऱ्या बिल्ड टूलवर हलवला, आणि खरी गोम इथेच आहे. क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲपमधे ईएसलिंट आतच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही, डेव्ह सर्व्हर चालू असला की टर्मिनलमधे पिवळ्या वॉर्निंग येत राहतात. व्हीट तसं काही करत नाही, ते लिंट चालवतच नाही, ते तुम्ही वेगळं बसवायचं. त्यामुळे हलवल्या दिवसापासून प्रोजेक्टमधे लिंट नव्हतंच. पॅकेज डॉट जेसनमधे ईएसलिंट-कॉन्फिगच्या चार ओळी मात्र तशाच राहिल्या होत्या, त्यामुळे फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की लिंट आहे आणि सगळं ठीक आहे.

मग एका सचिवांचा फोन आला. "ओ साहेब, संध्याकाळ दाबलं तरी सकाळचंच दूध दावतंय की हो." डेटाबेसमधे नोंदी बरोबर होत्या, स्क्रीन जुनी होती. नुसतं जुनं दिसलं एवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण त्या टेबलमधे फॅट दुरुस्त करायची सोय आहे आणि दुरुस्ती त्या ओळीच्या आयडीवर होते. म्हणजे वर संध्याकाळ निवडलेली, खाली ओळी सकाळच्या, सचिव संध्याकाळची समजून फॅट बदलणार आणि बदलणार सकाळची नोंद. फॅटवर दर आणि दरावर बिल, हा शेतकऱ्याच्या खिशातला पैसा आहे, त्यामुळे ह्याला किरकोळ युआय बग म्हणणं मला मान्य नाही.

कोड उघडला तर असं होतं. संकलन स्क्रीनच्या कंपोनंटमधे एक यूजइफेक्ट (दिलेल्या गोष्टी बदलल्या की परत चालणारा कोड), त्यात सर्व्हरकडून नोंदी आणणाऱ्या फंक्शनला कॉल, आणि शेवटी डिपेंडन्सीच्या अ‍ॅरेमधे फक्त तारीख. फंक्शन मात्र आतून तारीख, पाळी (सकाळ की संध्याकाळ) आणि संस्था, तिन्ही वाचत होतं. रिअ‍ॅक्टला आपण काय सांगतोय, तर तारीख बदलली तरच हे परत चालव. पाळी बदलली की कंपोनंट रेंडर होतं, वरचं बटण संध्याकाळ दाखवतं, पण इफेक्ट चालत नाही म्हणून खालचं टेबल तसंच. तारीख मागेपुढे केली की बरोबर व्हायचं, त्यामुळे टेस्टिंगमधे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि त्या अ‍ॅरेच्या बरोबर वरच्या ओळीला एक कॉमेंट होती, ईएसलिंट-डिसेबल-नेक्स्ट-लाइन, पुढे एक्झॉस्टिव्ह-डेप्स, म्हणजे इफेक्ट जे वाचतो ते सगळं डिपेंडन्सीमधे हवं, ह्या नियमाचं नाव. गिटमधे मागे जाऊन बघितलं. ती कॉमेंट टाकली तेव्हा स्क्रीनवर पाळीचं बटणच नव्हतं, तारखेप्रमाणे सगळं एकत्र दिसायचं. तेव्हा नियम एवढंच म्हणत होता की हे फंक्शन अ‍ॅरेमधे नाहीये, आणि ते टाकलं की स्क्रीन सर्व्हरला सारखे कॉल करत सुटायची, म्हणून नियम त्या ओळीपुरता बंद केला गेला. त्या वेळी काही बिघडलं नव्हतं. बऱ्याच काळाने पाळी आली, फंक्शनमधे गेली, आणि जो नियम ती चूक ओरडून सांगणार होता तो त्या ओळीवर आधीपासूनच गप्प होता. हे मला ह्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, डिसेबल कॉमेंट आजची तक्रार तर बंद करतेच, पण त्या ओळीवर उद्या होणाऱ्या सगळ्या चुकाही आधीच माफ करून टाकते.

बग दुरुस्त करायला वेळ लागला नाही. प्रश्न असा होता की असे अजून किती आहेत.

काय घ्यायचं आणि काय नाही

चर्चा सुरू झाल्यावर टीममधल्या एकाचं म्हणणं होतं की एअरबीएनबीचं कॉन्फिग टाकू, सगळे वापरतात. मी त्याच्या विरोधात होतो आणि आजही आहे. त्यात शेकडो नियम आहेत आणि त्यातले बरेचसे कोड कसा दिसावा ह्याबद्दलचे. लिंटचा इतिहास बघितला तरी हे दिसतं, डग्लस क्रॉकफर्डचं जेएसलिंट २००२ चं, त्यात त्याची आवड म्हणजेच नियम, फारसं काही बदलता यायचं नाही. त्यावर वैतागून २०११ मधे जेएसहिंट निघालं आणि २०१३ मधे निकोलस झाकसने ईएसलिंट काढलं ते ह्याच मुद्द्यावर की प्रत्येक नियम सुटा असावा, चालू-बंद करता यावा आणि बाहेरून प्लगिन म्हणून आणता यावा. ज्याचा सगळा फायदाच निवडीत आहे तिथे न वाचता दुसऱ्याची अख्खी यादी उचलण्यात अर्थ नाही. शिवाय स्पेस, सेमीकोलन, कोट असले फॉरमॅटिंगचे नियम ईएसलिंटनेच २०२३ मधे आपल्या गाभ्यात डेप्रिकेट केले, ते काम प्रेटिअरसारख्या टूलचं आहे.

मग आम्ही एकच कसोटी ठेवली. प्रत्येक नियमासमोर विचारायचं, ह्याने ह्या ॲपमधला कुठला बग अडेल? उत्तर देता आलं तर नियम घ्यायचा आणि थेट एरर म्हणून घ्यायचा, नाही देता आलं तर बंद. वॉर्निंग हा प्रकारच ठेवायचा नाही. कारण वॉर्निंगचा अनुभव ह्या प्रोजेक्टला आहे, क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲपच्या काळात टर्मिनलमधे त्यांचा ढीग असायचा आणि त्या ढिगात नवीन आलेली एक कुणालाही दिसणं शक्य नव्हतं.

ईएसलिंटची स्वतःची रेकमेंडेड यादी घेतली, त्यात नसलेला व्हेरिएबल वापरणं, ऑब्जेक्टमधे तीच की दोनदा, असली सरळ चुकांची नावं आहेत. रिअ‍ॅक्ट-हुक्स प्लगिनमधले दोन नियम घेतले, रूल्स-ऑफ-हुक्स (हुक म्हणजे यूजइफेक्टसारखी फंक्शन्स, ती कुठे वापरायची ह्याचा नियम) आणि एक्झॉस्टिव्ह-डेप्स. इथे एक बघा, प्लगिनच्या रेकमेंडेड यादीत पहिला एरर आहे पण दुसरा वॉर्निंग आहे, म्हणजे ज्याने आमचा बग पकडला असता नेमका तोच. त्यामुळे रेकमेंडेड न घेता दोन्ही नियम हाताने लिहिले आणि दोन्ही एरर केले. त्याचा अजून एक फायदा म्हणजे प्लगिनच्या नव्या मोठ्या व्हर्जनमधे रिअ‍ॅक्ट कंपायलरचे नियमही आलेत, ते अपडेटबरोबर आपोआप अंगावर येत नाहीत, हवे तेव्हा वाचून घेता येतात.

आणि एक घेतला तो ईक्यूईक्यूईक्यू (eqeqeq), म्हणजे तुलना करताना तीन बरोबरच वापरायचे. हा कुणाला आवडीनिवडीचा नियम वाटेल. पण आमच्याकडे फॅटचा रकाना रिकामा सोडला तर ती रिकामी स्ट्रिंग असते आणि जावास्क्रिप्टमधे दोन बरोबरने रिकामी स्ट्रिंग आणि शून्य सारखेच ठरतात. फॅट मोजलीच नाही आणि मोजून शून्य आली ह्यात फरक आहे, पहिल्यात नोंद थांबवायची असते, दुसऱ्यात मशिन तपासायचं असतं. त्यामुळे आमच्या कसोटीवर तो पहिल्या फटक्यात पास झाला.

बायोम आणि ऑक्सलिंटचीही चर्चा झाली, दोन्ही रस्टमधे लिहिलेली, वेग जबरदस्त. पण आमच्या आकाराच्या प्रोजेक्टला वेगाची अडचण नव्हती आणि हुक्सचं प्लगिन रिअ‍ॅक्टच्याच रेपोमधून येतं, त्यामुळे ईएसलिंटवर थांबलो.

प्रत्यक्ष बसवताना

व्हर्जन ९ घ्यायचं हे सुरुवातीलाच ठरलं, कारण ८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मधेच संपलाय. ९ ला नोड किमान १८.१८ लागतो, एका मशिनवर १६ होता, एनव्हीएमची (नोडचं व्हर्जन ठरवणाऱ्या टूलची) फाइल रेपोमधे टाकून सगळ्यांचा नोड एक केला आणि पुढे गेलो.

पहिल्यांदा चालवलं की ९ सांगतं मला कॉन्फिग फाइल सापडत नाही. पॅकेज डॉट जेसनमधल्या त्या जुन्या चार ओळी ते वाचत नाही, आता ईएसलिंट डॉट कॉन्फिग डॉट जेएस ही एकच फाइल, जिला फ्लॅट कॉन्फिग म्हणतात. जुनी ओळ तिथेच काढून टाकली, तुम्हीही काढा, ती ठेवून फक्त गैरसमज होतो. जुन्या फाइलवरून नवी करून देणारं मायग्रेशनचं कमांड आहे पण आमच्याकडे मायग्रेट करण्यासारखं काही नव्हतंच, कोरी फाइल लिहिली.

इन्स्टॉल करताना एनपीएम पीअर डिपेंडन्सीवरून, म्हणजे एका पॅकेजला दुसऱ्याचं कुठलं व्हर्जन चालतं त्यावरून, अडलं, कारण हुक्सच्या प्लगिनचं जुनं व्हर्जन लॉक फाइलमधे कुठूनतरी राहिलेलं. अशा वेळी नेटवर पहिलं उत्तर मिळतं ते लेगसी-पीअर-डेप्स लावा असं, ते लावू नका. व्हर्जन ९ ने प्लगिनला मिळणाऱ्या कॉन्टेक्स्टमधून गेटस्कोपसारखी जुनी फंक्शन्स काढून टाकलीत, त्यामुळे जुनं प्लगिन जबरदस्तीने बसतं पण चालताना गेटस्कोप हे फंक्शन नाही म्हणून कोसळतं. एनपीएम तिथे अडवतं ते बरोबरच अडवतं. हुक्सचं प्लगिन ५ किंवा पुढचं घ्या, ते ९ बरोबर चालतं. एखादं प्लगिन अपडेटच झालेलं नसेल तर ईएसलिंटचंच कॉम्पॅट नावाचं पॅकेज आहे, त्यातून ते गुंडाळून घेता येतं.

फाइल लिहिली, कमांड चालवलं, आणि एकही एरर नाही. टीममधे आनंद झाला, पण ज्या कोडमधे आत्ताच एवढा बग सापडलाय तिथे शून्य एरर येऊच शकत नाही. शोधलं तर कारण साधं निघालं. फ्लॅट कॉन्फिगमधे तुम्ही काही सांगितलं नाही तर ईएसलिंट फक्त जेएस, सीजेएस आणि एमजेएस एक्स्टेन्शनच्या फाइली बघतं. आमचे सगळे कंपोनंट जेएसएक्स फाइलींमधे. म्हणजे लिंटने युटिलिटीच्या थोड्या फाइली तपासल्या आणि अख्ख्या स्क्रीन न बघता सगळं छान म्हणून सांगितलं. फाइल्स ह्या की-मधे जेएसएक्सचा पॅटर्न लिहावाच लागतो. हे तपासायची खात्रीची पद्धत म्हणजे ज्या फाइलवर शंका आहे तिचं नाव देऊन प्रिंट-कॉन्फिग चालवायचं, त्या फाइलला कुठले नियम लागतायत ते सगळं समोर येतं, किंवा इन्स्पेक्ट-कॉन्फिगने ब्राउझरमधे बघायचं. आणि त्याहून सोपं, एखाद्या स्क्रीनमधे मुद्दाम चूक करून बघा, पकडली नाही तर लिंट बसलेलं नाही. कुठल्याही प्रोजेक्टमधे लिंट बसवल्यावर मी हे आधी करायला सांगतो.

पॅटर्न लिहिल्यावर पुढचं आलं, पार्सिंग एरर, लेस-दॅनचं चिन्ह अनपेक्षित. पार्सर ऑप्शन्समधे जेएसएक्स चालू करावं लागतं. ते केलं. मग मात्र धबधबा सुरू झाला, जवळजवळ प्रत्येक फाइलमधे इम्पोर्ट केलेले कंपोनंट वापरलेच नाहीत अशी तक्रार. खाली जेएसएक्समधे तोच कंपोनंट ढळढळीत वापरलेला आणि वर लाल रेघ. ह्याचं कारण असं की गाभ्यातला नो-अनयूज्ड-व्हार्स हा नियम व्हर्जन ९ मधे जेएसएक्सच्या टॅगला व्हेरिएबलचा वापर मानत नाही. व्हीटच्या टेम्प्लेटमधे ह्यावर मोठ्या अक्षराने सुरू होणारी नावं सोडून द्या असा पॅटर्न आहे, तो चालतो, पण मग खरोखर न वापरलेले कंपोनंटही सुटतात. आमच्याकडे काढून टाकलेल्या जुन्या स्क्रीनचे इम्पोर्ट भरपूर होते, ते पकडायचे होते, म्हणून ईएसलिंट-प्लगिन-रिअ‍ॅक्ट आणलं आणि त्यातला जेएसएक्स-यूजेस-व्हार्स हा नियम लावला, बरोबर जेएसएक्स-की पण, लिस्टमधे की नसेल तर पकडणारा. त्या प्लगिनमधला बाकीचा संसार घेतला नाही.

मधेच एका मशिनवर विचित्र एरर आला, ऑडिओवर्कलेटग्लोबलस्कोप ह्या नावाच्या मागे स्पेस आहे. हे बघून माणूस गोंधळतो कारण असलं काही आपण कुठे लिहिलेलंच नसतं. विंडो, डॉक्युमेंट अशी ब्राउझरची नावं ग्लोबल्स नावाच्या पॅकेजमधून येतात आणि त्याच्या जुन्या व्हर्जनमधे त्या एका नावाच्या शेवटी खरोखर एक स्पेस राहून गेलेली आहे. आपण ग्लोबल्स स्वतः इन्स्टॉल केलं नसेल तर दुसऱ्या कुठल्यातरी पॅकेजबरोबर आलेलं जुनं उचललं जातं. स्वतः नवीन इन्स्टॉल करा, जातो.

आणि डिस्ट फोल्डर, जिथे बिल्ड होऊन तयार फाइली येतात. जुनी ईएसलिंटइग्नोर फाइल ९ वाचत नाही, इग्नोर्स कॉन्फिगमधेच लिहायचं. पण त्यात एक खोच आहे, ज्या ऑब्जेक्टमधे फक्त इग्नोर्स आहे तोच सगळ्या प्रोजेक्टला लागतो, त्याच ऑब्जेक्टमधे रूल्स किंवा दुसरं काही लिहिलं की ते इग्नोर्स त्या ऑब्जेक्टपुरतंच राहतं. मग बाकीच्या यादीचे नियम बिल्ड झालेल्या मिनिफाइड फाइलींवर चालतात आणि स्क्रीन भरून वाहते. त्यासाठी वेगळा ऑब्जेक्ट ठेवा, किंवा ईएसलिंटमधे आता ग्लोबल-इग्नोर्स नावाचं फंक्शनच आहे ते वापरा, वाचणाऱ्यालाही लगेच कळतं.

एडिटरचं थोडक्यात. आमच्या रेपोमधे बॅकएंड आणि फ्रंटएंड दोन फोल्डर, बरेच जण व्हीएस कोड वरच्या फोल्डरवर उघडतात, मग एक्स्टेन्शनला कॉन्फिग सापडत नाही आणि ते काही न बोलता गप्प बसतं. सेटिंगमधे वर्किंग-डिरेक्टरीज लिहून ती सेटिंगची फाइल रेपोमधेच टाकली.

विंडोजचं मात्र जरा जास्त झालं. फॉरमॅटिंगसाठी प्रेटिअर आणि सीआयमधे (मर्ज करण्याआधी सर्व्हरवर आपोआप चालणारी तपासणी) प्रेटिअरचं चेक असं ठेवलं होतं. प्रेटिअर २.० पासून ओळीच्या शेवटी एलएफच (ओळ संपल्याचं अदृश्य चिन्ह) अपेक्षित धरतं, आणि विंडोजवर गिट चेकआउट करताना त्याचं सीआरएलएफ (विंडोजचं चिन्ह) करून देतं. विंडोजवाल्यांना स्वतःच्या मशिनवर हात न लावलेल्या फाइलीही चुकीच्या दिसायला लागल्या. काहींनी प्रेटिअरमधे ऑटो करून टाका असं सुचवलं पण त्याने रेपोमधे दोन्ही प्रकार मिसळत जातात. गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल टाकून सगळ्यांना एलएफ सक्तीचं केलं, एकदा रीनॉर्मलाइझ केलं, आणि सगळी फॉरमॅटिंग एकाच कमिटमधे करून त्या कमिटचा हॅश गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्सच्या फाइलमधे लिहून ठेवला. हा शेवटचा भाग सोडू नका, नाहीतर उद्या कुठल्याही ओळीचं ब्लेम (ती ओळ कुणी आणि कधी बदलली) बघितलं की फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव येतं, आणि आमचा हा सगळा शोध त्या कॉमेंटच्या ब्लेमवरूनच लागला होता.

जुन्या चुकांचा ढीग

आता खरे एरर दिसायला लागले आणि ते एवढे होते की एका दमात सगळे दुरुस्त करणं शक्य नव्हतं, बिलांचा हंगाम थांबत नाही. नेहमीचा मार्ग म्हणजे नियम वॉर्निंग करा आणि हळूहळू करू, पण वॉर्निंग ठेवायची नाही हे ठरलेलं. इथे ईएसलिंट ९.२४ मधे, म्हणजे एप्रिल २०२५ ला आलेली बल्क सप्रेशनची सोय फार कामाला आली. सप्रेस-रूल देऊन नियमाचं नाव सांगितलं की सध्या असलेल्या चुका फाइलवार आणि नियमवार मोजून एका जेसन फाइलमधे लिहिल्या जातात आणि लिंट पास होतं. नियम एररच राहतो. एखाद्या फाइलमधे तीन चुका नोंदलेल्या असतील आणि कुणी चौथी केली तर चारही बाहेर येतात. आणि कुणी जुनी एक दुरुस्त केली तर ईएसलिंट म्हणतं आता नोंद जास्तीची झाली, प्रून करून कमी करा, तोपर्यंत पास नाही. म्हणजे आकडा खालीच जातो, आणि ही सोय फक्त एरर असलेल्या नियमांनाच लागू आहे, वॉर्निंगला नाही, त्यामुळे आमच्या निर्णयाशी ती बरोबर जुळली. एडिटरमधे मात्र जुन्या चुकांच्या लाल रेघा आम्हाला दिसतच राहतात, मला ते बरंच वाटतं, फाइल उघडणाऱ्याला कळतं की इथे काम बाकी आहे.

पण सप्रेस कशाला करायचं हे सरसकट ठरवलं नाही. संकलन, दरपत्रक आणि बिल, जिथे पैशाचा संबंध आहे तिथे एकही सप्रेशन नाही, आधी दुरुस्ती मग मर्ज. रिपोर्ट आणि सेटिंगच्या स्क्रीन सप्रेशनमधे गेल्या. डिसेबल कॉमेंट सगळ्या काढून टाकल्या आणि परत टाकायची असेल तर दोन डॅश देऊन पुढे कारण लिहायचंच, ईएसलिंट-कॉमेंट्स प्लगिनमधे कारण सक्तीचं करणारा नियम आहे तो लावला. वापरात नसलेली डिसेबल कॉमेंट ९ आपणहून वॉर्निंग म्हणून दाखवतं, ती पण एरर केली.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो एक्झॉस्टिव्ह-डेप्सवर, आणि जाणारच. हा नियम फिक्स दिलं तरी आपोआप दुरुस्त होत नाही, एडिटरमधे फक्त सुचवणी म्हणून दिसतो, आणि ते मुद्दाम तसं आहे कारण डोळे झाकून अ‍ॅरे भरला तर लूप लागतो. टीममधली नवीन मुलगी बिलाच्या स्क्रीनवर होती, ती म्हणाली, "दादा, लिंट सांगतंय ते फंक्शन अ‍ॅरेमधे टाकलं तर नेटवर्क टॅबमधे कॉल थांबतच नाहीयेत." बरोबर आहे, बिल आणणारं फंक्शन कंपोनंटच्या आत लिहिलेलं, प्रत्येक रेंडरला ते नवीन बनतं, नवीन आहे म्हणून इफेक्ट चालतो, इफेक्टमधे स्टेट बदलते, स्टेट बदलली की परत रेंडर. पूर्वी ह्याच जागी लोकांनी डिसेबल टाकलं होतं. खरं उत्तर म्हणजे ते फंक्शन उचलून यूजइफेक्टच्या आतच लिहायचं. मग अ‍ॅरेमधे फंक्शन लागतच नाही, लागतात ते त्याने वाचलेले साधे आकडे आणि स्ट्रिंग, संस्थेचा आयडी, दहा दिवसांच्या बिलाची सुरुवातीची तारीख, पाळी. तिने तसं केलं आणि लिंट लगेच बोललं की संस्थेचा आयडी राहिला. तो खरोखर राहिला होता. ज्या सचिवांकडे दोन संस्था आहेत त्यांना संस्था बदलल्यावर आधीच्या संस्थेचं बिल दिसलं असतं, संकलनाच्या बगचाच दुसरा अवतार, फक्त अजून कुणाचा फोन आला नव्हता. एवढ्या एका सापडण्यावर मला वाटतं सगळी मेहनत वसूल आहे.

हे पण सांगायला हवं की लिंट पास झालं म्हणजे तो इफेक्ट बरोबर झाला असं नाही. गावाकडे नेट कमी-जास्त होत असतं. सकाळ दाबली, लगेच संध्याकाळ दाबली, संध्याकाळचं उत्तर आधी आलं आणि सकाळचं रखडून मागून आलं, तर टेबल परत सकाळचं होतं आणि वर संध्याकाळ. अ‍ॅरे पूर्ण बरोबर असूनही. हे कुठलंही प्लगिन पकडत नाही, त्यासाठी इफेक्टच्या क्लीनअपमधे अ‍ॅबॉर्ट-कंट्रोलर लावून जुना कॉल रद्द केला. हे आम्ही सर्व्हरकडून नोंदी आणणाऱ्या सगळ्या इफेक्टसाठी एकच कस्टम हुक करून एका जागी ठेवलं.

अडवायचं कुठे

कमिटच्या वेळी हस्की आणि लिंट-स्टेज्ड (कमिट होण्याआधी तपासणी चालवणारी टूल्स), फक्त बदललेल्या फाइलींवर, म्हणजे पटकन होतं. पण ते नो-व्हेरिफाय देऊन टाळता येतं, म्हणून खरा दरवाजा सीआय. तिथे पूर्ण प्रोजेक्टवर, मॅक्स-वॉर्निंग्ज शून्य. मॅक्स-वॉर्निंग्ज एवढ्यासाठी की उद्या कुणी घाईत एखादा नियम वॉर्न करून ठेवला तरी तो निसटायला नको. मर्जसाठी ते पास होणं सक्तीचं केलं, सगळ्यांना, सिनियर लोकांनाही.

सीआयमधे एनपीएम इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय, म्हणजे लॉक फाइलमधे आहे तेच व्हर्जन बसतं. ह्याबद्दल मी जरा कडक आहे आणि त्याला कारण आहे. जुलै २०२५ मधे ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटिअर ह्या प्रचंड वापरातल्या पॅकेजच्या मेंटेनरला एनपीएमच्या नावाने खोटा मेल आला, टोकन गेलं, आणि ८.१०.१, ९.१.१, १०.१.६ आणि १०.१.७ अशी व्हर्जन बाहेर पडली ज्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमधे विंडोजवर चालणारी घातक डीएलएल होती. २०१८ मधेही ईएसलिंट-स्कोपच्या ३.७.२ मधून लोकांचे एनपीएम टोकन चोरायचा प्रकार झाला होता. लिंटची पॅकेजेस ब्राउझरपर्यंत जात नाहीत म्हणून लोक त्यांना बिनधास्त अपडेट करतात, पण ती डेव्हलपरच्या मशिनवर चालतात जिथे सर्व्हरच्या चाव्या असतात. आमच्या यादीत फॉरमॅटिंगचा एकही नियम नसल्यामुळे ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटिअरची गरजच पडली नव्हती. थोडीच प्लगिन घेण्याचा हाही उपयोग.

सध्या स्थिती अशी आहे. पैशाच्या तिन्ही स्क्रीनवर सप्रेशन नाही आणि डिसेबल कॉमेंटही नाही. रिपोर्टच्या स्क्रीनमधे बरंच शिल्लक आहे, विशेषतः वार्षिक उतारा आणि बोनसच्या रिपोर्टमधे, तिथे इफेक्ट एकमेकांना बांधलेत आणि नुसता अ‍ॅरे भरून भागणार नाही, ती स्क्रीनच परत लिहावी लागेल. बोनस दिवाळीच्या आधी निघतो, त्यामुळे त्या स्क्रीनला आधी हात घातलाय, आणि तिची सप्रेशन फाइलमधली नोंद पूर्ण गेल्याशिवाय बोनसचं नवीन काही मर्ज करायचं नाही असं टीमने ठरवलंय.